वीज नाही, नळ नाही: कोंबड्यांच्या पाण्याचा भरवसा कशावर ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोर तालुक्यात डोंगराच्या अंगाला जागा घेतलीत, विजेची लाइन तिथवर आलेली नाही. वरच्या अंगाला झरा आहे, त्याचं पाणी काळ्या पाइपातून उतारानं खाली येतं. पस्तीसेक कोंबड्या आहेत, काही गावरान, काही कावेरी या सुधारित जातीच्या. दर आठवड्याला दोन रात्री तुम्हा दोघांना पुण्याला जावं लागतं. सोलर पंप बसवून निपलची (चोचीनं टोचलं की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्यांची) लाइन करावी, बेल ड्रिंकर (घंटेच्या आकाराचं, कडेला थाळी असलेलं टांगतं भांडं) लावावा की साधी भांडीच बरी, आणि यात सगळ्यात भरवशाचं काय, हे तुम्हाला हवंय.

मी पुरंदरच्या माळावर, विजेच्या खांबापासून लांब कोंबड्या पाळतो आणि आसपासच्या लोकांना खुराडी लावून देतो. त्या कामातून जे कळलं ते सांगतो. ड्रिंकर कोणता घ्यायचा हे नंतर ठरवता येतं. आधी एक विचार करा: सोमवारी सकाळी तुम्ही निघालात, दुपारी काहीतरी तुंबलं, गळलं किंवा निखळलं, तर बुधवारी संध्याकाळी परत येईपर्यंत कोंबड्यांना पाणी असेल का? जी व्यवस्था या प्रश्नाला ‘असेल’ म्हणते ती भरवशाची, मग ती दिसायला कितीही साधी असो.

पाणी किती लागतं ते पाहू. साध्या हवेत अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, म्हणजे खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट. एप्रिल-मेमध्ये हेच अर्ध्या लिटरवर जातं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते आणि अंगातली उष्णता श्वासावाटे वाफेनं बाहेर काढते. ती वाफ म्हणजे तिचं प्यायलेलं पाणीच. गावरान अंगानं लहान, ती थोडं कमी पिईल, पण हिशेब मोठ्या कोंबडीचा धरावा. पस्तीस कोंबड्यांना उन्हाळ्यात दिवसाला १८ लिटर, सांडलवंड धरून २०. तुम्ही तीन दिवस नसाल तर ६० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर बेतलेलं आहे.

पाण्याचा खंड कोंबडीला किती महागात पडतो हे नव्याने पाळणाऱ्यांना चटकन लक्षात येत नाही. दोन वेळचं खाद्य चुकलं तर ती भागवून नेते. पाणी तुटलं की आधी खाद्य सोडते, कारण कोरडं खाद्य गळ्याखालच्या पिशवीत तसंच बसून राहतं. मग अंडी थांबतात. अंड्याच्या आतल्या ऐवजात तीन चतुर्थांश पाणीच असतं, ते आणणार कुठून? मे महिन्यात पूर्ण दिवस पाण्यावाचून गेला तर काही मरतात, आणि वाचलेल्यांपैकी काही पिसं टाकायला लागतात. त्या परत अंड्यावर यायला आठवडे जातात.

आता सोलर पंप. झरा खालच्या अंगाला असता आणि पाणी वर चढवायचं असतं, तर मी स्वतःच पंप घ्या म्हटलं असतं. पण तो मोठी टाकी भरण्यापुरता. टाकीत आठवड्याचं पाणी असेल तर पंप बंद पडला तरी आठवडाभर सवड मिळते. कोंबडीच्या चोचीपर्यंतचं पाणी मात्र पंपावर, बॅटरीवर किंवा सेन्सरवर ठेवू नये. तुमच्याकडे तर उतार आहे, पाणी आपल्या वजनानं खाली येतंय. त्यात पंप घालणं म्हणजे बिघडायला एक जागा वाढवणं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. झऱ्याची नळी कोंबड्यांच्या लाइनला थेट जोडू नका, मध्ये बॉलकॉक, म्हणजे पाणी भरलं की आपोआप मिटणारा नळ, असला तरी. त्यात दोन धोके आहेत. बॉलकॉकच्या तोंडाशी कचरा अडकून तो उघडा राहिला, किंवा एखादं निपल वाळूच्या कणामुळे मिटलंच नाही, तर झरा रात्रभर वाहत राहतो आणि सगळं पाणी खुराड्यात येतं. खाली अंथरलेलं तूस भिजतं, भिजल्या तुसातून अमोनियाचा उग्र वास सुटतो, आणि रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सिडिओसिसला, आयतं रान मिळतं. उलट वर नळीत खेकडा, पाला किंवा हवा अडकली तर पाणी येतच नाही, आणि खाली साठा ठेवलेला नसल्यानं त्याच दिवशी कोंबड्या तहानतात. म्हणून झऱ्याचं पाणी तुम्ही हजर असताना ड्रममध्ये भरून घ्यायचं, भरलं की नळी काढून बाजूला ठेवायची. कोंबड्यांनी ड्रममधलं प्यायचं. काही गळलंच तर गळून गळून एक ड्रम रिकामा होईल, पुढे काही नाही.

आणि ड्रम दोन हवेत. प्रत्येकी शंभर लिटरचे, झाकणाचे, एकमेकांना न जोडलेले, प्रत्येकाची पिण्याची जागा वेगळी. ‘दोन्ही जोडून एकच लाइन केली तर सोपं पडेल’ असं बरेच जण म्हणतात. जोडले की ते दोन राहत नाहीत. एक गळका सांधा दोन्ही रिकामे करतो. वेगळे ठेवले तर एक संपला तरी दुसऱ्यात तीन दिवसांचं पाणी असतंच. शिवाय कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. एकच पाणवठा असेल तर दोन दांडग्या कोंबड्या तिथे ठाण मांडतात, आणि खालच्या पायरीवरची बिचारी उन्हात तिष्ठत राहते. दोन पाणवठे एकमेकांपासून लांब असले की तिलाही पोटभर पाणी मिळतं.

ड्रम घेताना एक सांभाळा. भंगारवाल्याकडचे निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात पूर्वी काय होतं याची खात्री नसते. औषधाचा, ॲसिडचा, रंगाचा वास येत असेल तर कितीही धुतला तरी घेऊ नका. लोणच्याचा, सरबताच्या अर्काचा, खाण्याच्या वस्तूंचा असेल तर हरकत नाही.

पहिल्या ड्रमला निपलची लाइन करा. निपलला जास्त दाब चालत नाही. घराच्या छपरावरच्या टाकीतून थेट निपल जोडले की ते गळतात आणि लोक निपलला नावं ठेवतात. तीन मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब त्यांच्यासाठी फार होतो. तुमचा ड्रम मात्र जमिनीपासून दोन फूट उंच विटांच्या ओट्यावर ठेवला, तर भरलेला असताना आणि तळाशी आलेला असताना, दोन्ही वेळा दाब बेताचाच राहतो. त्यामुळे बॉलकॉक लागत नाही, रेग्युलेटरही लागत नाही. ड्रमच्या तळापासून दोन बोटं वर नळ बसवा, म्हणजे खाली बसलेला गाळ लाइनमध्ये जाणार नाही. नळानंतर ठिबकला लावतात तसा छोटा जाळीचा फिल्टर घाला. पुढे पाऊण इंची पीव्हीसी पाइप, त्यात आठ निपल. मोठ्या शेडमध्ये एका निपलवर दहा कोंबड्या धरतात, पण तिथे पाणी चोवीस तास कोणाच्या तरी नजरेखाली असतं. परसातल्या खुराड्यात मी पाचाला एक धरतो.

पाइप बसवताना घाई करू नका, बहुतेक अडचणी इथेच होतात. कमी दाबाच्या लाइनमध्ये पाइपाला मध्येच कुबड आलं की तिथे हवा साचते आणि पुढचं पाणी अडतं. ड्रम भरलेला असतो, पाइप शाबूत असतो, तरी शेवटची चार निपलं कोरडी. म्हणून पाइप पाणसळीत, अगदी आडवा घ्या, किंवा टोकाकडे अगदी किंचित चढता ठेवा, आणि टोकाला एक पारदर्शक नळी उभी करून भिंतीला बांधा. तिचं वरचं तोंड उघडं हवं आणि ड्रमच्या काठापेक्षा वर हवं. हवा त्या नळीतून निघून जाते. शिवाय नळीतली पाण्याची पातळी म्हणजे ड्रममधली पातळी. नळीत एखादा रंगीत प्लास्टिकचा मणी टाकून ठेवा, तो पाण्यावर तरंगतो आणि दहा पावलांवरूनही दिसतो. झाकण न उघडता ड्रममध्ये किती पाणी आहे ते कळतं. त्याच टोकाला खालच्या बाजूला धुण्याचा नळ ठेवा, आठवड्यातून एकदा तो पूर्ण उघडून लाइन खळाळून काढायची. आतल्या बाजूला धरणारा बुळबुळीत थर असा निघून जातो.

उंची कोंबडीच्या मापानं ठरवा. ती मान वर करून, पायावर नीट उभी राहून पिईल अशी. मान खाली वाकवून प्यावं लागलं तर निपल बाजूनं ढकललं जातं आणि थेंब खाली पडत राहतात. कावेरी उंच, गावरान बुटकी. निपल बुटकीच्या मापानं लावा. निपलच्या खाली दोन फूट रुंद चर खणून त्यात खडी भरा. थोडं ठिबकणारच, ते खडीतून जमिनीत जाऊ दे, तुसात नको.

नवीन निपल बसवलं की त्याच दिवशी प्रत्येक निपल बोटानं मिनिटभर दाबून धरा, खाली वाटी ठेवा आणि किती पाणी आलं ते खूण करून ठेवा. पुढे महिन्यातून एकदा हीच चाचणी करा. पाणी निम्म्यावर आलं असेल तर निपल काढून व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा, क्षार सुटतात. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात हे वरचेवर करावं लागतं. तुमचं झऱ्याचं पाणी हलकं असेल तर कमी.

दुसऱ्या ड्रमला पाइपच नको. त्याच्या अंगातच, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, चार कप बसवा. हे छोटे प्लास्टिकचे कप असतात, चोचीनं आतली जीभ दाबली की थोडं पाणी येतं. यात सांधा नाही, फिल्टर नाही, हवा अडकायला जागा नाही. कपात माती आणि तूस पडतं, ते रोज बोटानं पुसावं लागतं, हा त्याचा दोष. तुम्ही नसताना दोन दिवस पुसले गेले नाहीत तरी चालतं. निपलचा गुण असा की पाणी स्वच्छ राहतं, कपाचा गुण असा की तो कोंबडीला उमगतो. दोन्ही असू देत.

बेल ड्रिंकर मी तुमच्यासाठी सुचवणार नाही. शंभरेक पक्ष्यांसाठी तो उत्तम. पण त्याची थाळी उघडी असते, रोज घासावी लागते, तळाचं वजन नीट भरलेलं नसेल तर कोंबडी चढली की हिंदकळतो. पस्तीस पक्ष्यांसाठी एवढा व्याप कशाला.

राहता राहिलं उलटं भांडं, म्हणजे वर डबा आणि खाली थाळी. हे सगळ्यांकडे असतं आणि तुम्ही घरी असताना ते अगदी बरं. पण पाठीमागे सोडून जायला बरं नाही, आणि याचं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. डबा अर्धा रिकामा झाला की वर हवा राहते. दुपारी डबा तापला की ती हवा फुगते आणि पाणी थाळीत ढकलते, थाळी भरून वाहते. कोंबडी न पिताच दोन-चार लिटर जमिनीत जातं. डब्याला बारीक चीर असेल तर निर्वात जागाच टिकत नाही आणि तासाभरात सगळं रिकामं होतं. सावलीत ठेवल्यानं हा त्रास कमी होतो, पण पुरता जात नाही.

उघड्या परातीबद्दल एवढंच, की तिच्यात चिमण्या, कावळे, पारवे सगळे येतात आणि विष्ठा टाकतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२१ मध्ये राज्यात पुन्हा आला. रानपक्षी आणि आपल्या कोंबड्या एका भांड्यात पाणी पिणार नाहीत एवढी काळजी तरी आपल्या हातात आहे.

निपलवर नव्यानं आणताना जुनी भांडी पहिल्याच दिवशी उचलू नका. आधी निपलला हात लावून थेंब लटकता ठेवा, चमकणारा थेंब दिसला की कोंबडी टोचतेच. एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात. तीन-चार दिवसांनी सकाळची काही तासच भांडी काढा, मग हळूहळू वाढवा. संध्याकाळी दांड्यावर बसल्यावर एकेकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. मऊ, थोडी पाणीदार लागली तर ती प्यायलीय. कोरडी, कडक, गाठीसारखी लागली आणि तुरा काळवंडलेला असेल तर तिला निपल समजलेलं नाही. अशी एखादी दुसरी निघतेच, विशेषतः वयस्क गावरान. तिच्यासाठी तर कपाचा ड्रम आहे. ही बदली तुम्ही सलग आठवडाभर घरी असाल तेव्हाच करा.

उन्हाळ्यात पाणी असणं पुरत नाही, ते पिण्याजोगं गार हवं. कढत पाण्याला कोंबडी चोच लावून मागे होते. दहा फुटांच्या पाऊण इंची पाइपात साधारण लिटरभर पाणी असतं आणि पाइप उन्हात असेल तर नेमकं तेच आधी तापतं. म्हणून दोन्ही ड्रम आणि लाइन दिवसभर सावलीत. झऱ्याची काळी नळी जमिनीत गाडता आली तर गाडा. नाही जमलं तर ड्रम पहाटे भरा, रात्रभर निवलेलं पाणी मिळेल. ड्रमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं की कोरड्या हवेत पाणी चांगलं गार राहतं. कोकणात, दमट हवेत, याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे सावली आणि वारा यांवरच भिस्त. घरी असाल त्या दिवशी दुपारी धुण्याचा नळ उघडून पाइपातलं तापलेलं पाणी झाडाला सोडा.

कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत. सकाळी दांड्यावरून उतरल्या उतरल्या आणि संध्याकाळी चढण्याआधी त्यांची गर्दी होते. त्यामुळे निघायच्या दिवशी ड्रम पहाटेच भरून, दोन्ही पाणवठे तपासूनच निघा.

झऱ्याचं पाणी पावसाळ्यात गढूळ येईल. ते एका वेगळ्या पिंपात रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणीच ड्रममध्ये घ्या. जंतूंसाठी ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर चालते. ताज्या पावडरचे १० ग्रॅम एक लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, आणि वरची निवळी १०० मिलि घेऊन शंभर लिटरच्या ड्रममध्ये टाका. पावडर थेट ड्रममध्ये टाकू नका, तिचा चुना निपलात जाऊन बसतो. जुनी, ओल लागलेली पावडर निकामी असते, तिच्यावर विसंबू नका. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पाण्यातून द्यायची असेल तेव्हा दोन दिवस आधी टीसीएल बंद करा, क्लोरीननं लस मरते. आणि लस ड्रममध्ये नाही, धुतलेल्या उघड्या भांड्यांत द्यावी, सगळ्या कोंबड्या दीड-दोन तासांत पिऊन टाकतील एवढ्याच पाण्यात. किती डोस, कधी, हे तुमच्या पशुवैद्यकांना विचारा.

पिल्लांसाठी यातलं काही लागत नाही. पहिले काही आठवडे उथळ थाळी, तिच्यात गोटे घालून, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. आणि ती ठेवून बाहेरगावी जायचं नाही.

माझं उत्तर कुठे बदलेल तेही सांगतो. तुम्ही रोज घरी असता तर एक ड्रम आणि दोन साधी भांडी पुरली असती. कोंबड्या दीडशे असत्या तर मोठी टाकी आणि बेल ड्रिंकर आले असते. मेमध्ये तुमचा झरा आटतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. आटत असेल तर पाऊस ओसरण्याआधीच साठा करावा लागेल. पस्तीस कोंबड्यांना उन्हाळ्याच्या शंभर दिवसांना दोन हजार लिटर लागतात. दहा बाय बाराच्या पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ११ लिटर पाणी पडतं, म्हणजे भोरच्या पावसात दोन हजार लिटरची टाकी भरायला अडचण नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची घाण त्यात वाहून जाते.

शेवटी शेजारी. तुमच्या वस्तीवर कोणी दादा, मावशी असतील तर त्यांना ‘जरा लक्ष ठेवा’ एवढंच सांगून जाऊ नका. निघण्याआधी हाताला धरून दाखवा. नळीतला लाल मणी या रेघेच्या खाली गेला तर फोन करायचा. खडी सोडून बाहेर ओल दिसली तर पहिल्या ड्रमचा नळ बंद करायचा, बाकी काही करायचं नाही, कोंबड्या दुसऱ्यावर पितील. दुपारी एकदा डोकावायचं, सकाळी नाही, कारण काही अडलं असेल तर ते दुपारी कळतं. सगळ्या चोची उघड्या टाकून एकाच ड्रमापाशी गर्दी करून असतील, तर दुसऱ्याचं पाणी अडलंय असं समजायचं. आणि एक रिकामी परात भिंतीला टांगून ठेवा. काहीच सुचलं नाही तर त्यांनी ती भरून सावलीत ठेवावी, एवढंच.